आधी ऐका, मग बोला

आई गेल्यावर माळ्यावरची लोखंडी ट्रंक आवरण्याचे काम माझ्या वाट्याला आले. पितळी डबे, लग्नातल्या आहेराच्या याद्या, आम्हा भावंडांची प्रगतिपुस्तके आणि अगदी तळाशी वडिलांची एक छोटी पुस्तिका. पोस्टखात्याची. आत वर्षावर्षाची तिकिटे चिकटवलेली, त्यांवर गोल शिक्के मारलेले. शेजारी बसलेल्या मुलाने विचारले, "बाबा, हे काय?" म्हटले, "रेडिओचं लायसन." तो हसला. मी थट्टा करतो आहे असे त्याला वाटले. पण ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना आठवत असेल. घरात नुसता रेडिओ ऐकायचा म्हटला तरी दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरावे लागत. 'आपली आवड' असो की सकाळच्या बातम्या, सगळे सरकारमान्य कानांनीच ऐकायचे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत बंद झाली आणि कोणाला चुकल्याचुकल्यासारखेही वाटले नाही.

त्याच ट्रंकेत, एका जाड लिफाफ्यात, माझाही एक परवाना निघाला. तो ऐकण्याचा नव्हे, बोलण्याचा. हौशी बिनतारी केंद्र चालवण्याचा, ज्याला सारे जग 'हॅम रेडिओ' म्हणते. वडिलांच्या परवान्याची आता गंमत वाटते. माझ्या परवान्याची मात्र मला गंमत वाटेनाशी झाली आहे, कारण जुलै २०२१ मध्ये त्याने मला मान खाली घालायला लावली. त्याची गोष्ट आज सांगायची आहे. ती माझी असली तरी केवळ माझ्यापुरती नाही, असे वाटते म्हणून.

मुका झालेला संच

माझी धाकटी बहीण चिपळूणला असते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, हे आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले. सकाळी तिचा फोन आला. "दादा, पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलंय. आम्ही वर जातोय." एवढेच बोलणे झाले. मग वीज गेली, मोबाईलचे मनोरे गप्प झाले आणि ज्या गावात माझी सख्खी बहीण, मेहुणे आणि शाळकरी भाची होती ते गाव माझ्यापुरते नकाशावरून पुसले गेले. फोन लावावा तर तीच ती ध्वनिमुद्रित बाई शांतपणे सांगे की संपर्क होऊ शकत नाही. टीव्हीवर पाण्यातून जाणाऱ्या होड्या दिसत होत्या. प्रत्येक होडीत मी बहिणीचा चेहरा शोधत होतो.

रात्री बायको म्हणाली, "तुमचा तो रेडिओ कुठाय?"

माळ्यावर चढलो. संच जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला होता. बॅटरी तर केव्हाच मेली होती. गच्चीवरची अँटेनाची तार दोन वर्षांपूर्वी वॉटरप्रूफिंगच्या वेळी कामगारांनी काढली, तेव्हा मीच म्हणालो होतो, "ठेवा गुंडाळून, बघू नंतर." ते नंतर कधी आलेच नाही. आणि समजा, बॅटरी असती, तारही असती, तरी मी बोलणार कोणाशी होतो? बहिणीच्या घरात संच नव्हता. तिच्या आळीत परवानाधारक कोणी आहे का, हे मी कधी विचारलेही नव्हते. तीस-पस्तीस वर्षे परवाना जवळ बाळगलेला माणूस त्या रात्री टीव्हीसमोर हात चोळत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. सगळे सुखरूप होते. तळमजल्यावरचे सामान गेले, माणसे वाचली. पुढे गणपतीत भेट झाली तेव्हा ती सहज म्हणाली, "दादा, तुझा तो रेडिओ होता ना रे? काय झालं त्याचं?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते जास्त लागले.

तारवाले काका

मला या नादाला लावले ते आमच्या वाड्यातल्या तारवाल्या काकांनी. त्यांचे खरे नाव वाड्यात फार थोड्यांना ठाऊक असेल. कौलांवरून पिंपळापर्यंत त्यांनी तांब्याची तार ताणली होती, त्यावरून हे नाव पडले. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास सुट्या भागांची दुकाने आहेत. तिथून आणि जुन्या बाजारातल्या लष्करी भंगारातून जमवलेल्या वस्तूंवर त्यांचे केंद्र उभे होते. रात्री जेवणे झाली की त्यांच्या खोलीतून शिट्ट्या, खरखर आणि मधूनच कुठल्या तरी दूरदेशीच्या माणसाचा आवाज येई. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. एकदा धीर करून विचारले, "काका, मला बोलू द्याल?" ते म्हणाले, "सहा महिने नुसतं ऐकायचं. मग बघू."

सहा महिने ऐकले. आधी सगळा गोंगाटच वाटला. हळूहळू त्यातून माणसे वेगळी होऊ लागली. कोण घाईत बोलतो, कोण दुसऱ्याचे संपायच्या आत सुरू करतो, कोणाचा आवाज क्षीण असला तरी स्वच्छ आहे, हे कळू लागले. टेलिफोनवर दोघे एकाच वेळी बोलू शकतात. या संचावर तसे नाही. बोलण्याची कळ दाबली की आपण बहिरे होतो. कळ सोडल्याशिवाय समोरचे काही ऐकूच येत नाही. काका म्हणत, "या यंत्राची ही खोड नाही रे, हाच याचा गुण आहे."

मग परीक्षा दिली. विजेची आणि रेडिओची मूलतत्त्वे, नियमावली आणि मोर्स. 'डिट' आणि 'डा' पाठ करताना घरच्यांचा जीव मेटाकुटीला आला. स्वयंपाकघरात चमचा वाजला तरी मी त्यातले अक्षर शोधू लागलो होतो. परीक्षेनंतर एक दिवस चौकशीला हवालदार आले. वडील शाळामास्तर. हवालदारांनी चहा घेतला, खोलीभर नजर फिरवली आणि विचारले, "मुलगा परदेशातल्या लोकांशी कशाला बोलणार?" वडिलांनी शांतपणे उत्तर दिले, "हवापाण्याबद्दल." त्या काळात कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत वर्षाच्या वर सहज जाई. एकदाचा परवाना हाती आला तेव्हा मी कॉलेजात होतो. पहिले बोलणे झाले ते नागपूरच्या एका निवृत्त स्टेशनमास्तरांशी. आणि खरोखरच आम्ही हवापाण्याबद्दल बोललो. महिन्याभराने त्यांचे छापील कार्ड पोस्टाने आले. संभाषण झाल्याची ही पोच, तिला 'क्यूएसएल' म्हणतात. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे.

सरकारला भीती कशाची?

एवढ्या निरुपद्रवी हौसेसाठी एवढी तपासणी कशाला, असे तेव्हा वाटे. त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तेही आपल्या मुंबईच्या इतिहासात.

भारतात हौशी बिनतारीचा आरंभ १९२१ मध्ये बंगालमध्ये झाला. अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि मुकुल बोस ही त्यातली पहिली नावे. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले तसे इंग्रज सरकारने सर्व परवाने रद्द करून संच जमा करण्याचे हुकूम काढले. तरीही १९४२ च्या ऑगस्टमध्ये, नेते तुरुंगात गेल्यावर, मुंबईत 'काँग्रेस रेडिओ' सुरू झाला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सोबती त्याच्यामागे होते, आणि प्रक्षेपक जोडून देणारे नरिमन प्रिंटर हे मुळात हौशी बिनतारीवाले होते. २७ ऑगस्टला पहिले प्रक्षेपण झाले. पोलिसांना माग लागू नये म्हणून जागा बदलत बदलत १२ नोव्हेंबरला अटक होईपर्यंत ते चालले. सर्व अधिकृत वाहिन्या सरकारच्या मुठीत असताना एका खोलीतल्या एका यंत्राने देशाला बातम्या पोचवल्या. बोलणाऱ्या यंत्रात एवढी ताकद असते. ते परक्या सरकारला जितके नीट कळले तितकेच स्वतंत्र भारताच्या सरकारलाही कळले. म्हणून परवाना राहिला.

आणखी एक गोष्ट. काँग्रेस रेडिओची लहर होती ४२.३४ मीटरची. कागदावर भागाकार केला तर ती सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते. आज भारतातील हौशी बिनतारीवाल्यांना जो सर्वांत लोकप्रिय पट्टा दिलेला आहे, सात मेगाहर्ट्झचा, 'चाळीस मीटर'चा, त्यातच ही लहर बसते. उषाताई ज्या वाटेने बोलल्या त्या वाटेवर आज नागपूरचा पेन्शनर आणि चिपळूणची विद्यार्थिनी रीतसर परवाना काढून बोलू शकतात. स्वातंत्र्याचा हा अर्थ मला फार आवडतो.

स्वातंत्र्यानंतरची नियमावली १९७८ ची. तिच्यात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. मूळचे १८८५ आणि १९३३ चे कायदे जाऊन त्यांच्या जागी आता २०२३ चा दूरसंचार कायदा आला आहे. अर्ज करणाऱ्याने दूरसंचार विभागाची ताजी सूचना वाचूनच पाऊल उचलावे. पण या सगळ्याचा गाभा इतक्या वर्षांत फारसा बदललेला नाही. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेला कोणीही परीक्षेला बसू शकतो. पदवीची अट नाही. पूर्वी परवान्याचे चार-पाच प्रकार होते, पुढे दोनच ठेवले. 'रिस्ट्रिक्टेड'ला मोर्स लागत नाही. 'जनरल'ला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावे लागते, आणि जास्त शक्तीचा संच वापरता येतो. प्रत्येकाला एक खूण मिळते. जनरलवाल्यांची 'व्हीयू टू'ने सुरू होते, रिस्ट्रिक्टेडवाल्यांची 'व्हीयू थ्री'ने. ही खूण म्हणजे आपले हवेतले नाव. बोलणे सुरू करताना आणि संपवताना ते सांगावेच लागते.

काय करायचे नाही याची यादी जास्त बोलकी आहे. धंद्याचे बोलणे नाही. गाणी लावायची नाहीत. जाहिरात नाही. सांकेतिक भाषा नाही, जे बोलायचे ते उघड, कोणालाही ऐकू येईल आणि कळेल असे. परक्याचे निरोप एरवी पोचवायचे नाहीत, पण आपत्तीत नेहमीची साधने बंद पडली तर ते काम आवर्जून करायचे. आणि कोणाशी कधी बोललो याची वही ठेवायची. ही वही आपल्या घरातल्या दुधाच्या हिशेबासारखी असते, रोजची आणि खरी. नीट पाहिले तर हे नियम जुन्या गावातल्या पाणवठ्याचे आहेत. पाणी सर्वांचे, म्हणून कोणी त्यात गुरे धुवायची नाहीत.

दहा मीटर तार आणि एक सह्याद्री

परवाना झाला. आता यंत्राकडे वळू, कारण माझी फजिती तिथे झाली.

नवशिक्याला वाटते की हातात मावणारा संच घेतला की जगाशी बोलता येईल. एकशे पंचेचाळीस मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारे हातसंच छानच असतात. त्यांची पाव लहरीची अँटेना जेमतेम अर्धा मीटर भरते. पण या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. डोंगर आडवा आला की संपले. म्हणून डोंगरमाथ्यावर 'रिपीटर' बसवतात. तो खालचा आवाज झेलतो आणि मोठा करून दुसरीकडे टाकतो. शहरात आणि ट्रेकला हे उत्तम. पण पुणे आणि चिपळूण यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. हवाई अंतर सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही, तरी हातसंचाला ते परदेशाइतके दूर.

तिथे ती चाळीस मीटरची वाट कामाला येते. पृथ्वीभोवती, शे-दोनशे किलोमीटर उंचीच्या आसपास आणि त्याहून वर, सूर्यप्रकाशाने विद्युतभारित झालेले हवेचे थर आहेत. सात मेगाहर्ट्झची लहर सरळ वर सोडली तर दिवसा हे थर तिला खाली परत पाठवतात. कारंज्याचे पाणी उंच जाऊन चहूबाजूंना पडते तसे. मधल्या डोंगराचा मग प्रश्नच राहत नाही. गंमत म्हणजे, यासाठी अँटेना फार उंच नको. जमिनीपासून पाच-सात मीटर पुरते. रात्री मात्र हे थर पातळ होतात. तेव्हा जवळचा माणूस हरवतो आणि दूरचा ऐकू येऊ लागतो. रात्री जवळचे केंद्र गाठायचे तर खालच्या पट्ट्यावर उतरावे लागते.

अँटेना म्हणजे काही फार मोठे प्रकरण नाही. एकशे त्रेचाळीस या आकड्याला मेगाहर्ट्झने भागा, अर्ध्या लहरीच्या तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी सुमारे वीस मीटर. ती मधोमध कापून दहा-दहा मीटरच्या दोन भुजा करायच्या, मधल्या जोडावर केबल जोडायची, मध्य उंच ठेवून दोन्ही टोके खाली उतरवायची. उलट्या इंग्रजी 'व्ही'सारखा आकार होतो. केबल चांगल्या प्रतीची हवी, कारण स्वस्त केबल निम्मा आवाज वाटेतच खाते. तार थोडी लांब ठेवून मग कापत कापत जुळवायची. शक्ती अँटेनातून बाहेर जाते की संचाकडेच परतते, हे दाखवणारा एक मीटर मिळतो. तो जवळ नसताना पूर्ण शक्तीने बोलू नये. संच जळतो. माझा एकदा जळाला आहे.

वीज हा खरा मुद्दा. शंभर वॉटचा संच ऐकताना एखादा अँपिअर खातो, बोलताना वीस अँपिअरच्या आसपास. दाब तेरा-पावणेचौदा व्होल्ट. घरोघर इन्व्हर्टरच्या बारा व्होल्टच्या बॅटऱ्या आहेतच. तीच वापरता येते. फक्त बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज हवा, तारा जाड हव्यात आणि लाल-काळ्याची उलटापालट होता कामा नये. वादळ घोंगावू लागले की अँटेनाची केबल काढून खिडकीबाहेर ठेवायची. विजेशी शौर्य नको. आणि पूर येणाऱ्या गावात एक साधी गोष्ट: संच आणि बॅटरी वरच्या मजल्यावर हवी. बहिणीच्या घरचा इन्व्हर्टर तळमजल्यावर जिन्याखाली होता. पहिल्या तासातच तो गेला.

खर्चाचा प्रश्न येतोच. नवा विलायती संच दुचाकीच्या किमतीच्या घरात जातो. पण हैदराबादचे अशहर फरहान यांनी २००३ मध्ये 'बिटएक्स' नावाच्या संचाची रचना सर्वांसाठी खुली केली. साध्या, सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरी जोडता येईल असा हा संच जगभरच्या हौशी मंडळींनी बनवला. ज्या मुलाला डाग देता येतो, म्हणजे सोल्डरिंग येते, त्याला सुट्टीत याहून चांगले काम नाही.

खेळण्यातला धोका

इथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण तो घराघरांतल्या आईबापांसाठी आहे. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने राजमाचीच्या ट्रेकसाठी इंटरनेटवरून वॉकीटॉकीची जोडी मागवली. स्वस्त, दिसायला झकास. विकणाऱ्याने सांगितले होते, "याला परवाना लागत नाही." मी हातात घेऊन पाहिले. त्या खोक्यात इतका रुंद पट्टा होता की मुलाने नुसती बटणे दाबत दाबत कोणत्या तरी यंत्रणेच्या कामकाजात तोंड घातले असते. त्याला कळलेही नसते, आणि पोलिसांना समजावून सांगताना बापाची त्रेधा उडाली असती.

परवान्याशिवाय वापरता येतील असे संच आपल्याकडे नाहीत असे मुळीच नाही. २७ मेगाहर्ट्झच्या 'सिटिझन बँड'चा एक पट्टा २००५ मध्ये कमी शक्तीच्या संचांसाठी खुला झाला. ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा छोटा पट्टाही २०१८ च्या नियमांनी अशाच कमी शक्तीच्या संचांना मोकळा केला. ट्रेकला, शेतात, लग्नाच्या मांडवात ते पुरतात. घेताना दोन गोष्टी पाहायच्या. संच नेमक्या कोणत्या लहरींवर चालतो आणि त्याला सरकारी मान्यतेचा दाखला आहे का. विकणाऱ्याने हे सांगितलेच पाहिजे, अशी मार्गदर्शक तत्त्वे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढली, आणि तेरा ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसाही दिल्या. त्या खोक्यावर 'हॅम' असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ परवाना नको असा नसतो, नेमका उलटा असतो.

त्या मुलावर मी रागावलो नाही. मला त्याच्यात मीच दिसलो. फरक एवढाच की मला यंत्राच्या आधी काका भेटले, त्याला काकांच्या आधी यंत्र भेटले. यंत्र दोन दिवसांत घरपोच येते. ऐकायची सवय कोणी घरपोच देत नाही. परवान्याची परीक्षा म्हणजे त्या सवयीचीच परीक्षा, असे मला आता वाटते. वडिलांचा परवाना हा कर होता, तो गेला ते बरे झाले. माझा परवाना ही शिकवण आहे. ती सोपी करावी, जवळ आणावी, पण काढून टाकू नये.

मोठ्या लाटेनंतर

हे सगळे मोबाईलच्या काळात कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी अंदमानची गोष्ट सांगतो. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद काही सहकाऱ्यांना घेऊन पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. काम हौसेचेच. त्या बेटांवरून बरीच वर्षे कोणी हॅम बोललेला नव्हता, म्हणून जगभरचे लोक त्यांच्याशी दोन शब्द बोलायला रांगेत उभे होते. २६ डिसेंबरला पहाटे जमीन हादरली आणि मागोमाग त्सुनामी आली. नेहमीचे दळणवळण कोलमडले. हौसेसाठी लावलेला तोच संच, तीच अँटेना त्या दिवसापासून निरोपांच्या कामाला लागली. पुढे कार निकोबारलाही केंद्र उभे राहिले. तिथे कोण जिवंत आहे, कोणाला काय हवे आहे, हे मुख्य भूमीवर कळू लागले. आपत्ती आल्यावर कोणी यंत्र विकत घ्यायला गेले नव्हते. ते आधीच लावलेले होते. चालवणारी माणसे आधीच शिकलेली होती. माझ्या माळ्यावरच्या चादरीतल्या संचात आणि त्या संचात एवढाच फरक.

मुंबईनेही २६ जुलै २००५ रोजी हा धडा घेतला आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री हातात मोबाईल असलेली लाखो माणसे एकमेकांपासून तुटली होती. मोबाईल हे उत्तम साधन आहे. पण तो मनोऱ्यावर जगतो, मनोरा विजेवर जगतो, आणि सगळे एकदम बोलू लागले की तोही गुदमरतो. हॅमचे केंद्र कोणावर अवलंबून नसते. एक बॅटरी, एक तार, एक माणूस, आणि दुसऱ्या टोकाला असाच आणखी एक.

तो दुसऱ्या टोकाचा माणूस तयार करणे हे खरे काम. ते सरकारचे आहे तसे आपलेही आहे. परीक्षा जिल्ह्याजिल्ह्यांत आणि वर्षातून ठरलेल्या वेळी व्हाव्यात. मराठीतून अभ्यासाचे साहित्य मुबलक मिळावे. पुराच्या आणि दरडींच्या तालुक्यांत निदान एका शाळेत एक केंद्र असावे, आणि ते उद्घाटनाच्या फितीनंतर कपाटात जाऊ नये. सोसायट्यांनी गच्चीचा एक कोपरा द्यावा. वीस मीटर तारेने इमारतीची शोभा जात नाही. डिशच्या जंगलात ती दिसणारही नाही. आणि माझ्यासारख्या जुन्या परवानाधारकांनी आज, रविवार आहे तर, माळ्यावर चढून बॅटरी तपासावी.

मुलांना यात ओढणे अवघड नाही. जुलै २०२५ मध्ये अंतराळ स्थानकातील शुभांशु शुक्ला यांच्याशी बंगळुरूच्या उपग्रह केंद्रात जमलेल्या शाळकरी मुलांनी हॅम रेडिओच्या मदतीने प्रश्नोत्तरे केली. अंतराळात जाणे प्रत्येकाच्या नशिबी नाही, पण अंतराळाशी बोलण्याची परीक्षा बारा वर्षांच्या मुलालाही देता येते.

माझ्या भाचीने ती दिली. पुरानंतर दोन वर्षांनी. बोरिवलीच्या गोराई रस्त्यावरच्या बिनतारी केंद्रात ती परीक्षेला गेली तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. तिचे पेपर तासाभरात झाले, माझा जीव दिवसभर टांगणीला. वीस वर्षांच्या परवान्याला तिला हजार रुपये पडले. एवढ्यात हल्ली चौघांचे हॉटेलातले जेवणही होत नाही. तिची 'व्हीयू थ्री'ची खूण आली त्या आठवड्यात मी चिपळूणला गेलो. आम्ही दोघांनी मिळून गच्चीवर बांबू उभा केला, दहा-दहा मीटर तार मोजली, आणि बॅटरी वरच्या मजल्यावर, भिंतीतल्या फळीवर चढवली. बहीण खालून ओरडत होती, "पडाल दोघं!" पण तिनेच मग बांबूला दोरी बांधून दिली.

आता दर रविवारी सकाळी साडेदहाला आम्ही बोलतो. काय बोलतो? हवापाण्याबद्दल. वाशिष्ठीला पाणी किती, पुण्याला ऊन किती. गेल्या पावसाळ्यात एकदा मी उत्साहाने खूप वेळ कळ दाबून बोलत राहिलो. सोडली तेव्हा ती हसत होती. "मामा, मी मघापासून तुला सांगायचा प्रयत्न करतेय, तुझा आवाज तुटतोय. जरा थांबत जा ना!"

बरोबर बोलली. वहीत वेळ लिहिली, खूण लिहिली, आणि या वेळी आधी ऐकून घेतले.